हेक्झेन चढेपर्यंत

हिमानीने गजेंद्रला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे तिचं लक्षच गेलं नाही. तिने आधी त्याच्या हातातला कॅन हुंगला.

नोव्हेंबरमधल्या शनिवारची दुपार. जळगाव जामोदच्या स्टँडवर शेगावची गाडी लागलेली, आणि गाडीच्या दारात कंडक्टरने एका उंच, उन्हाने रापलेल्या तरुणाला अडवून धरलेलं. तरुणाच्या हातात पाच लिटरचा पांढरा कॅन. मागे चढणाऱ्यांची रांग.

"पेट्रोल घेऊन गाडीत चढता येत नाही."

"पेट्रोल नाही हो साहेब. संत्र्याच्या झाडाचं तेल हाय."

"झाडाले तेल? वेणी घालता काय त्याची?"

रांग हसली. तरुणही हसला, पण कॅन खाली ठेवेना.

"सरका जरा," असं म्हणत हिमानी पुढे आली. खाली वाकून तिने कॅनचं झाकण फिरवलं, डोळे मिटले आणि वास घेतला. जाईच्या गजऱ्याचा घ्यावा तसा, सावकाश. मग एक थेंब बोटांवर घेऊन चोळला.

"पेट्रोल नाही, डिझेल नाही, रॉकेलही नाही. जड तेल आहे. यात पेटती काडी टाकली तर काडी विझेल."

"टाकून दाखवू नका म्हणजे झालं," कंडक्टर म्हणाला. "ताई, तुम्ही हमी घेता?"

"घेते."

"मंग कॅन तुमच्या पायाशी, अन् हे भाऊ तुमच्या बाजूले. काही झालं तं दोघं संगंच."

एसटीने आजवर पुष्कळ माणसं शेजारी बसवली असतील. इतक्या स्पष्ट अटीवर क्वचितच.

गाडी सुटली. पाच-सात मिनिटं दोघंही कॅनकडे बघत बसले. मग त्याने विचारलं, "तुमाले नुसत्या वासानं कसं समजलं?"

"मी तेच करते."

"वास घेता?"

"पीएचडी करते."

हिमानी तिथल्याच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवायची आणि उरलेल्या वेळात पीएचडी करायची. किंवा उलटं, नक्की सांगता येत नसे. पेट्रोलियम पदार्थांमध्ये कोणकोणत्या प्रकारचे हायड्रोकार्बन किती आहेत, ते पातळ थरावर वेगळे करून मोजायचे, असा विषय. शेगावला घरी तिने हा विषय सांगितला तेव्हा आई म्हणाली होती, "बरं. पण मुलाकडच्यांना नुसतं केमिस्ट्री सांग."

गजेंद्र वरवट बकालचा. घरची साडेचारशे संत्र्याची झाडं, थोडा कापूस. बागेत कोळशी शिरली होती. "बारीक काळी माशी असते," तो सांगू लागला. "पानाच्या मागं तिचे पिल्लं चिकटतात, चिकट पाणी सोडतात, अन् त्याच्यावर काजळी धरते. सगळं झाड भट्टीतून काढल्यावानी दिसते. हे तेल फवारलं का पिल्लं गुदमरतात."

"मग फवारा ना."

"मागच्या साली आमच्या बाजूच्यानं फवारलं. कोळशी गेली." तो खिडकीबाहेर बघू लागला. "पानंही गेले. अन् पानामागं फळं."

"तेलात दोन तऱ्हेचे रेणू असतात," हिमानी म्हणाली. शिकवताना तिचा हात आपोआप हवेत फळा शोधायचा. आत्ता तो समोरच्या सीटच्या पाठीवर लिहू लागला. "एक सरळ, शांत. पानावर बसतात, माशीच्या पिल्लाचा श्वास कोंडतात आणि निघून जातात. दुसरे कड्याकड्यांचे. ते पानाच्या आत शिरतात. पान जाळतात ते हे. तेल चांगलं म्हणजे ही दुसरी मंडळी कमी."

"दिसायले सारखेच?"

"अगदी सारखे. बाटलीत काही कळत नाही."

"असे दोनचार आमच्या गावातबी हायेत," गजेंद्र म्हणाला आणि पुन्हा गंभीर झाला. "बाबा म्हणते, एवढा एक बहार पाहतो. कोळशी हटली नाही तं जेसीबी लावून बाग काढतो. खरं तं मागच्याच साली काढणार होते. मीच हात जोडले. मी म्हटलं, मी पाहतो."

"आणि बाग काढली तर तुम्ही?"

"चाकणले. आतेभाऊ हाय तिथं कंपनीत." हे त्याने असं सांगितलं, जणू दुसऱ्याच कुणाची तरी बदली झाली आहे.

वरवट बकालला तो उतरला. कॅन उचलून दारापर्यंत गेला, तेव्हा हिमानीने मागून हाक मारली. "अहो, मंगळवारी कॉलेजात आणा. पंचवीस मिलीलीटर पुरे!"

त्याने आणलं पूर्ण लिटरभर. पंचवीस मिलीलीटर घेऊन परक्याच्या घरी जाणं त्याला बरं दिसलं नाही.

हिमानीची प्रयोगशाळा म्हणजे विभागातली शेवटची खोली, आणि त्या खोलीवर राज्य संघपालभाऊंचं. तीस वर्षं प्रयोगशाळा सहायक. आलेल्या माणसाला ते आधी हात धुवायला लावत, मग नाव विचारत. भिंतीकडेला एक काचेची बरणी होती. हिमानी तळहाताएवढ्या काचेच्या पट्टीवर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर द्यायची आणि ती पट्टी दारुहळदीतून काढलेल्या पिवळ्या द्रावणात बुडवून सुकवायची. पट्टीच्या तळाशी शिसपेन्सिलीची रेघ, रेघेवर केसाएवढ्या काचनळीने तेलाचा एक ठिपका. मग पट्टी बरणीत उभी करायची. बरणीच्या तळाला बोटाच्या पेराएवढं हेक्झेन, पेट्रोलसारखं एक पातळ द्रावक. वर झाकण.

"आता?" गजेंद्रने विचारलं.

"आता हेक्झेन वर चढेल. सरळ रेणू त्याच्याबरोबर पळतील, कड्यांचे मागे राहतील. वीस मिनिटं."

"अन् आपण?"

"आपण काही करायचं नाही. झाकण उघडायचं नाही, बरणी हलवायची नाही."

"इथं बसून बोलायचंही नाही," संघपालभाऊ पलीकडून म्हणाले. ही अट कुठल्याही पुस्तकात नव्हती.

म्हणून दोघं बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले. गजेंद्रने खिशातून दोन संत्री काढली. बांधावरच्या, लवकर पिकणाऱ्या चार झाडांची. एक सोलून त्याने फोडी तिच्या तळहातावर ठेवल्या, एकेक करून, शिरा काढून. इतकं लक्ष देऊन तिच्यासाठी कुणी काही सोललेलं तिला आठवेना.

"आत जाताना हात साबणाने धुवा हं," ती म्हणाली. "सालीतही तेल असतं. पट्टीवर उमटतं."

"तुमच्या पट्टीले सगळंच समजते म्हणा..."

"सगळं नाही. जे मी ठेवते तेवढंच."

वीस मिनिटांनी तिने पट्टी काढली, वाळवली आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून नोटा तपासायचा जांभळा दिवा लावला. लाखो रुपयांचं यंत्र विद्यापीठात होतं. इथे खोक्याला पाडलेल्या भोकातून मोबाइलने फोटो काढायचा आणि ठिपक्यांची चमक संगणकावर मोजायची. आधी तिने ठरावीक मिश्रणं करून हिशेब बसवून घेतला होता, त्यामुळे उत्तर बरं यायचं.

गजेंद्रने भोकाला डोळा लावला. वर एक पिवळा, सोनेरी ठिपका उजळला होता. खाली निळा फरांटा.

"हा वरचा पिवळा म्हणजे शांत रेणू," तिने सांगितलं. "गंमत म्हणजे ते स्वतः कधीच चमकत नाहीत. कुठल्याही दिव्याखाली ठेवा, दिसत नाहीत. पण दारुहळदीच्या शेजारी जाऊन बसले की दारुहळद उजळते. शेजारचा उजळला की समजायचं, इथे कुणीतरी आहे."

गजेंद्र भोकापासून डोळा काढायला विसरला. बराच वेळ. हिमानी वाट बघत राहिली, आणि मग तिला कळलं की ती त्याच्या मानेवरच्या उन्हाच्या रेघेकडे बघते आहे. ती पुढे बोलू लागली, थोडी घाईने. "आणि निळं आहे ते... ते वाईट. फार आहे. हे तेल परत करा."

पुढच्या मंगळवारी तो दुसऱ्या दुकानाचं तेल घेऊन आला. ते पहिल्यापेक्षा बरं होतं, पण झाडांवर फवारावं इतकं नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारी दुकानाचं तेल नव्हतं. तरी तो आला.

"हे काय?"

"ट्रॅक्टरचं डिझेल. मले थोडी शंका हाय."

तिने पट्टी लावली, वीस मिनिटं झाली, संत्रं संपलं. मग मंगळवारला शुक्रवारही जोडला गेला. एकदा इंजिनचं काळं तेल. एकदा आईच्या शिलाई मशीनचं. एकदा मेणबत्ती. एकदा कागदाच्या पुडीत काळा गोळा.

"हे डांबर कुठलं?"

"शेताच्या रस्त्याचं. खडी गेली, रस्ता गेला, एवढं चपलेले चिकटून राह्यलं होतं."

आणि एकदा एक निळ्या झाकणाची छोटी डबी.

"गजेंद्र... हे व्हॅसलीन आहे."

"आईचं हाय. मले त्याच्यावरबी शंका हाय."

"तुमच्या आईला माहीत आहे, डबी इथे आली आहे ते?"

"ती दोन दिवसांपासून शोधून राह्यली."

संघपालभाऊंनी नोंदवहीत शांतपणे लिहिलं: नमुना क्रमांक आठ, व्हॅसलीन, वरवट बकाल. मग हिमानीकडे न बघता म्हणाले, "मॅडम, प्रबंधाचं चौथं प्रकरण या भाऊमुळं भरत आलं. पाचव्याचं काय ते ठरवा."

हिमानीचे कान लाल झाले. दिव्याखाली ठेवायची गरज नव्हती.

डिसेंबर लागला. कोळशीची नवी पिल्लं पानांमागे दिसू लागली. याच दोन आठवड्यांत ती मऊ असतात, नंतर तेल त्यांना लागत नाही. आणि नेमकं याच वेळी रामरावांनी, म्हणजे गजेंद्रच्या वडिलांनी, कुणालाही न विचारता अकोटकडच्या पाहुण्याच्या ओळखीने तेलाचा एक अख्खा ड्रम आणून अंगणात उभा केला.

"आता फवारू," ते म्हणाले.

"एकदा मॅडमले दाखवतो," गजेंद्र म्हणाला.

"दाखव बाप्पा. तुया मॅडमले चहाबी दाखवत जा, त्यात किती पानी हाय ते सांगन."

पण ते थांबले. नमुना आला. पट्टी लागली. वीस मिनिटं झाली. हिमानीने भोकाला डोळा लावला. निळं होतं. तिने दुसरी पट्टी लावली, तिसरी लावली. कड्यांचे रेणू शेकडा अकरा.

"फवारू नका," ती म्हणाली.

गजेंद्रने एकदाही विचारलं नाही, नक्की का? तो फक्त मान डोलावून गेला. तिला वाटलं, विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या मंगळवारी तो हात हलवत आला. पिशवी नाही, बाटली नाही. पायरीवर बसला. बरणी आत रिकामी होती, म्हणून आज वीस मिनिटांचा नियम लागू नव्हता. कितीही वेळ बसता आलं असतं. तरी तो कडेला बसला, उठून जायच्या तयारीत.

"बाबानं जेसीबीवाल्याले सोमवार दिला," तो म्हणाला. "तेल फवारता येत नाही, दुसरं आणायले वेळ नाही. त्यायचंही बरोबरच हाय."

"आणि तुम्ही?"

"बाग निघाली का पुढच्या बुधवारी जाऊन राह्यलो. चाकणले."

हिमानीला पुष्कळ काही म्हणायचं होतं. ती म्हणाली, "तिथे थंडी असते. स्वेटर न्या."

"हाव," तो म्हणाला. मग हसला. "एक सांगू? मले त्या कोणत्याच तेलावर शंका नव्हती. डिझेलवर नाही, मशीनच्या तेलावर नाही..."

"माहीत आहे मला."

"कवापासून?"

"मेणबत्तीपासून."

तो गेला. हिमानी आत येऊन संगणकासमोर बसली. काहीतरी करायचं म्हणून सगळ्या नमुन्यांचे फोटो एका रांगेत लावू लागली. एक ते नऊ. त्याच्या सगळ्या शंका एकाखाली एक. डोळे पुसून तिने पुन्हा पाहिलं, आणि पुन्हा पाहताना तिचा हात थांबला.

नवव्या, म्हणजे ड्रमच्या, नमुन्यातला निळा पट्टा वेगळ्याच जागी होता. पहिल्या दुकानाच्या वाईट तेलात निळं होतं ते खाली, रेघेजवळ, फरांट्यासारखं. इथे ते मधोमध, दोन नीट थरांत. असे दोन थर तिने याआधी एकदाच पाहिले होते. तिने तिसरा फोटो शेजारी ठेवला. त्याच उंचीवर, तसेच दोन.

तिसरा नमुना म्हणजे ट्रॅक्टरचं डिझेल.

"संघपालभाऊ," ती म्हणाली, "ड्रममध्ये डिझेल कुठून येईल?"

"ड्रमात नसन आलं," संघपालभाऊ बाटल्या पुसत म्हणाले. "बाटलीत आलं असन. मॅडम, आपण त्या भाऊले तेल काढलं कसं, हे विचारलं काय?"

तिने विचारलं नव्हतं. पहिल्या तासापासून मुलांना ती हेच शिकवत होती, नमुना कसा घेतला ते आधी विचारा. आणि साडेचारशे झाडांच्या वेळी ती विसरली होती. कारण नमुना घेऊन येणारा समोर उभा राहिला की तिला दुसरंच काहीतरी विचारावंसं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती वरवट बकालला उतरली. पिशवीत बरणी, पट्ट्या, दिवा. सगळं संघपालभाऊंनी जुन्या प्रश्नपत्रिकांत गुंडाळून दिलेलं. हेक्झेनची बाटली तिने स्वतःच्या डब्यात, पोळ्यांच्या जागी ठेवली होती. हे पेटतं. यावेळी कंडक्टरने विचारलं असतं तर ती हमी घेऊ शकली नसती.

अंगणात रामराव बाजेवर बसले होते. गीताबाई, गजेंद्रची आई, कापूस वेचून आलेल्या बायांना पाणी देत होती. गजेंद्र तिला बघून उठला आणि उठून काय करायचं ते न सुचून तसाच उभा राहिला.

"नमस्कार. मी हिमानी."

"याच काय त्या मॅडम?" गीताबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "माय वो, माहं व्हॅसलीन तुमच्यापाशी हाय काय?"

"आहे. आणते मी. चांगलं निघालं ते." मग ती गजेंद्रकडे वळली. "त्या दिवशी ड्रममधून तेल कसं काढलं ते करून दाखवा. जसं केलं तसंच."

तो गोंधळला, पण गेला. ट्रॅक्टरच्या पेटीतून हातभर प्लास्टिकची नळी आणली, एक टोक ड्रमात सोडलं, दुसरं तोंडात धरून ओढलं, आणि तेल येताच बाटलीत सोडलं. थुंकला. हिमानीने नळी हातात घेतली आणि डोळे मिटून वास घेतला.

"ही नळी कशाची?"

"कशाची म्हणजे? नळीच हाय. सगळ्याचीच हाय. ट्रॅक्टरचं डिझेलबी हिनंच..." गजेंद्रचं तोंड उघडंच राहिलं.

"चूक माझी आहे," हिमानी रामरावांना म्हणाली. "मी विचारायला हवं होतं. बाटली छोटी, नळीत राहिलेलं डिझेल त्यात उतरलं, आणि मी तुमच्या तेलाला वाईट म्हटलं. मला पुन्हा बघू द्या. आत्ताच, इथेच."

रामरावांनी बाजेवरून पाय खाली घेतले.

तिने ओसरीवर बरणी मांडली. एका पट्टीवर दोन ठिपके ठेवले. डावीकडे नळीतून आलेलं तेल, उजवीकडे ड्रमच्या तोंडातून स्वच्छ काचनळीने थेट घेतलेलं. झाकण लावलं.

"वीस मिनिटं," गजेंद्र म्हणाला, सवयीने.

त्या वीस मिनिटांत कुणी संत्रं सोललं नाही. गीताबाईंनी चहा केला, तो निवला. रामराव बरणीसमोर उकिडवे बसून हेक्झेन चढताना बघत होते. एकदा म्हणाले, "मुंगीच्या चालीनं जाऊन राह्यलं."

अंधारी खोली घरात एकच, कापूस भरलेली. पट्टी पूर्ण वाळल्याशिवाय हिमानीने ती तिथे नेली नाही. मग चौघं आत शिरले, दार लावलं, आणि तिने जांभळा दिवा लावला.

आधी उजळली ती रामरावांची टोपी. कपड्याच्या साबणातलं काहीतरी त्या प्रकाशात चमकतं. टोपी चंद्रासारखी पांढरी-निळी होऊन अंधारात तरंगू लागली. गीताबाईंना हसू आवरेना. "पाहाय वो बाई, चाळीस वर्षांत पहिल्यांदा डोक्यात उजेड पडला!"

"गप वं," टोपी म्हणाली. "पट्टी दाखव पोरी."

हिमानीने पट्टी धरली. डावीकडे वर पिवळं, मध्ये निळे दोन थर. उजवीकडे वर पिवळं. खाली काही नाही. तिने दिवा जवळ नेला, तिरका केला. काही नाही. एका हातात दिवा, दुसऱ्या हातात पट्टी; पट्टी हलू लागली, म्हणून गजेंद्रने खालून तिच्या मनगटाला आधार दिला. पट्टी स्थिर झाली. तिचं उरलेलं सगळं मात्र नाही.

"उजवं तेल तुमचं," ती म्हणाली. "चांगलं आहे."

"मंग फवारू?"

हा प्रश्न आजवर तिला कुणी विचारला नव्हता. परीक्षक विचारतात, चुकीची मर्यादा किती. हे विचारत होते, फवारू? साडेचारशे झाडं, फांद्यांवर फेब्रुवारीत उतरायचं फळ, आणि अंधारात तिच्या मनगटाखाली एक हात.

"आठ दिवसांपूर्वी तू नाही म्हटलं," रामराव म्हणाले. "आज हाव म्हणतं. कोणतं खरं धरू?"

"तेव्हा मी नळीला विचारलं होतं, काका. आज तेलाला विचारलं."

टोपी एकदा खाली-वर झाली.

"फवारा," हिमानी म्हणाली. "आधी झाडांना पाणी द्या. ऊन उतरल्यावर फवारा. एक ओळ तशीच सोडा, न फवारता. आणि फवारलेल्या ओळीखाली नि त्या ओळीखाली जमीन झाडून ठेवा. जाळलंच तर दहा दिवसांत पान गळतं. मी मोजायला येईन."

"मोजायले काऊन? गळले तं दिसनच ना."

"मला मोजायचं आहे."

रामरावांनी दार उघडलं. उजेडात त्यांची टोपी पुन्हा साधी झाली. "गजा," ते म्हणाले, "जेसीबीवाल्याले फोन लाव. म्हणा पंधरा दिवस थांब. आला तं तुलेच फवारीन म्हणा."

ते दहा दिवस हिमानीने कसे काढले ते विद्यार्थ्यांना ठाऊक. तिने एकाच वर्गाला एकच धडा दोनदा शिकवला आणि दुसऱ्या वेळी जास्त छान शिकवला. गजेंद्रने फोन केला नाही. तिनेच बजावलं होतं, मी येईपर्यंत काही सांगायचं नाही. चौथ्या दिवशी तिला स्वतःच्या या हुशारीचा राग आला. सातव्या दिवशी संघपालभाऊंनी न विचारता सांगितलं, "मॅडम, वरवट बकालमध्ये रेंज असते हो."

अकराव्या दिवशी ती बागेत उभी होती. सकाळची थंडी, सातपुड्याची निळी रेघ उत्तरेला, पानांवर दव. काजळी अजून होती, पण पान उलटून पाहिलं तर मागची पिल्लं वाळून कोंड्यासारखी झाली होती. बोट लावलं की गळत होती. गजेंद्र दोन पावलं मागे उभा. त्याने खरंच काही सांगितलं नव्हतं. दाढी मात्र दहा दिवसांची होती.

"मोजलं तुम्ही?"

"नाही. तुमची वाट पाहिली."

न फवारलेल्या ओळीतलं एक झाड, फवारलेल्या ओळीतलं एक. दोघं खाली बसले, एकेक गळालेलं पान उचलून ओढणीत टाकू लागले. न फवारलेलं: एकतीस. तिने ओढणी झटकली. मग दुसऱ्या झाडाखाली. मातीत त्यांची बोटं एकाच पानावर आली, दोघांनी हात मागे घेतले, पान तिथेच राहिलं. मग तिनेच ते उचललं.

"...सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस," ती म्हणाली.

पुढे पान नव्हतं. तिने झाडाला पूर्ण फेरी मारली, ओंजळीने माती चाळली. नव्हतं.

"एवढे तं रोजचेच गळतात," गजेंद्र हळूच म्हणाला. "जुने पानं. झाडाची सवय हाय."

हिमानी मातीतच बसली. पाय पसरून, ओढणीत अठ्ठावीस पानं घेऊन. तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले.

"मी फार घाबरले होते," ती म्हणाली.

"झाडं जातील म्हणून?"

"झाडं पुन्हा लावता येतात, गजेंद्र." ती ओढणीतली पानं सारखी करत राहिली, वर न बघता. "झाडं गेली असती तर तू गेला असतास."

गावात बोलण्यात गजेंद्रला कुणी हरवल्याचं ऐकिवात नव्हतं. तो शेजारी बसला. आत्ता मात्र त्याने तिच्या केसांत अडकलेली एक काडी काढली आणि ती कुठे ठेवावी ते न कळून हातातच धरली.

"मले..." तो म्हणाला. "मले तं वाटलं होतं, तुमचं पीएचडी होईन अन् तुम्ही जासान. विद्यापीठात, मोठ्या यंत्रापाशी."

"चार दिवस जाईन. परत येईन."

"कुठं?"

तिने वर पाहिलं. उत्तर त्याला दिसलं असावं, कारण दहा दिवसांच्या दाढीमागे त्याचा चेहरा आपोआप मोकळा झाला. "मंग मी बाबासंगं शेगावले येऊ? तुमच्या घरी? रविवारी?"

"ये. पण आई विचारेल, मुलगा काय करतो. तेव्हा नुसतं शेती सांग."

"अन् तुम्ही काय सांगसान?"

"तू," ती म्हणाली. "आधी तू म्हण. मग सांगते."

तो ते म्हणायची तयारी करत होता, ओठांवर आणून, चव घेऊन... तेवढ्यात बागेच्या दुसऱ्या टोकाकडून रामरावांची हाक आली.

"गजाऽऽ! काय करून राह्यले बे तिथं इतका वेळ?"

"पानं मोजून राह्यलो, बाबा!"

"मंग झाले काय किती?"

गजेंद्रने हिमानीकडे पाहिलं. तिने ओढणीचं टोक सोडलं. अठ्ठावीस पानं दोघांच्या मध्ये मातीवर पसरली.

"चुकलं बाबा!" तो ओरडला. "पहिल्यापासून मोजा लागते!"